पार्बताबाईची लालकाटी

पार्बताबाईच्या हातचं झाड मरत नाही, असं अकोल्यात मोर्णेकाठच्या मळ्यांमध्ये सगळेच म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज खुद्द पार्बताबाईचाच असायचा. तसं ते खोटंही नव्हतं. वऱ्हाडात कापूस पिकवणारे पुष्कळ होते, काळ्या जमिनीचे मोठमोठे पाटील होते, पण ते सगळे आभाळाकडे तोंड करून बसणारे. माळ्याचं तसं नाही. विहीर आपली, मोट आपली, बैल आपले. चैत्रात साऱ्या मुलखाची माती भेगाळली तरी हिच्या वाफ्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, हिरवागार असे आणि वांगी लगडलेली असत. नवरा खुशालराव मोट हाकायचा, मुलगा देवीदास भाजीच्या टोपल्या बाजारात न्यायचा, आणि वाफ्यांना पाणी द्यायची पार्बताबाई. लुगडं खोचून, हातात फावडं घेऊन ती पाटाचं पाणी असं वळवायची, की जणू घरातलं लेकरू पंगतीत बसवते आहे.

"झाडाले काय लागते?" ती म्हणायची. "पानी अन् माया. बाकी सारं देव करते."

या घरात कौशल्या सून म्हणून आली ती परतवाड्याहून. तिचे वडील नत्थुजी जातीचे माळीच, पण त्यांना ना मळा ना विहीर. मध्य प्रांत-वऱ्हाडचं सरकार नागपुरात बसायचं आणि त्याचा एक जंगलसाहेब परतवाड्याला बंगला करून राहायचा. नत्थुजी त्या बंगल्यावर बाग बघायचे. कौशल्या नांदायला आली तेव्हा तिच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीवर, कागदात गुंडाळलेली वीतभर काटेरी काडी होती. साहेबानं दूरच्या कुठल्या मुलखातून आणवलेल्या झाडाची ती फांदी. साहेब त्याचं जे नाव घ्यायचा ते नत्थुजींच्या जिभेला पेलत नसे, म्हणून त्यांनी त्याचं लालकाटी करून टाकलं होतं. थोराच्या कुळातलं झुडूप. वाढून वाढून गुडघ्याएवढं, अंगभर काटे, शेंड्याला चार-दोन पानं, आणि त्यांच्यावर लालभडक, दोन-दोन पाकळ्यांची फुलं. कुठंही जरा खरचटलं की पांढरा चीक बाहेर.

ही काडी कौशल्यानं लावली कुठं? तर घराच्या मागच्या भिंतीशी, जिथं बांधकामातून उरलेला मुरूम आणि फुटकी कौलं पडली होती तिथं. लोण्यासारखी मऊ काळी माती दहा पावलांवर असताना! आणि लावून झाल्यावर वर ओंजळभर पाणीही घातलं नाही.

"अवं, पानी?" पार्बताबाईनं विचारलं.

"नाई लागत त्याले, आत्याबाई."

"पानी नाई लागत असं झाड हाय का या जगात?"

कौशल्या नुसती हसली. मुलगी कमी बोलायची. पार्बताबाईला त्याचा राग नव्हता, उलट सोयच होती. घरात बोलायला ती एकटी पुरेशी होती.

लालकाटी लागली, आणि अशी लागली की विचारू नका. वैशाखात मोगरा माना टाकायचा तेव्हाही ही आपली लाल पदर घेऊन उभी. मागच्या वाटेनं जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. पार्बताबाईलाही मनातून ती आवडायची. पण त्या फुलण्यात तिचा हात काडीचाही नव्हता, आणि माळणीला ही गोष्ट पचवायला जरा जडच जाते.

पुढच्या वर्षी कौशल्याला दिवस गेले. पार्बताबाईनं चिंध्या धुऊन ठेवल्या, लाल खणाची कुंची शिवली, आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. पोर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पार्बताबाईलाही जेवण जाईना. अशात एक शेजारीण येऊन कानाशी लागली, की चिकाचं काटेरी झाड बांधावर असावं, कुंपणाला असावं, पण घराशी नसावं, पोटातल्या काय, दूधपित्या काय, लेकराला ते सोसत नाही. जुनं बोलणं होतं, पार्बताबाईनं लहानपणापासून ऐकलेलं. तोवर तिला ते आठवलंही नव्हतं. आता आठवलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"त्या लालकाटीनं खाल्लं माह्या नातवाले!" ती ओसरीवरून एवढ्या मोठ्यानं ओरडली की मोटेचे बैल थांबले. फावडं घेऊन गेली, झाड मुळासकट उपटलं आणि कुंपणापाशी दगडांच्या ढिगावर भिरकावलं.

आत खाटेवर कौशल्या जागीच होती. तिनं सगळं ऐकलं. ती काही बोलली नाही. बरी झाली, कामाला लागली, भाकरी करायची, फुलं तोडायची, सासूचे पाय दाबायची. फक्त हसणं तेवढं बंद झालं. लालकाटीनं मात्र दगडांच्या फटीत मुळं धरली आणि तिथंच फुलायला लागली. कौशल्या तिच्याकडे जायची नाही. पार्बताबाईही जायची नाही. दोघी लांबून बघायच्या, एकमेकींना दिसणार नाही असं.

पुन्हा दिवस गेले आणि या खेपेस गर्भ टिकला. पहिलटकरीण म्हणून सातव्यात नत्थुजी कार्तिकात लेकीला न्यायला आले. निघताना कौशल्या सासू-सासऱ्यांच्या पाया पडली, बापाच्या मागून चालू लागली आणि तिनं एकदाही वळून बघितलं नाही. पार्बताबाई दारात उभी राहिली ती राहिलीच. तिला वाटलं होतं, पोर 'येते आत्याबाई' तरी म्हणेल.

घर रिकामं झालं तेव्हा पार्बताबाईला कळलं की न बोलणाऱ्या माणसाचाही घरात आवाज असतो. दळताना चुकायला लागलं. चटणीत मीठ दोनदा पडायला लागलं. आणि एका सकाळी ती कुंपणापाशी गेली, लालकाटी हलकेच उपटली, काटे बोटांत घुसले तरी सोडली नाही, आणि आणून लावली ती मळ्यातल्या सगळ्यात चांगल्या जागी, पाटाच्या अगदी काठाला, काळ्याभोर मातीत. शेणखत दिलं. गोल आळं केलं. कौशल्या लेकरू घेऊन येईल तेव्हा तिचं झाड असं फुललेलं दिसलं पाहिजे की बघताक्षणी तिला कळावं, सासू काय म्हणते आहे. तोंडानं म्हणणं पार्बताबाईच्यानं व्हायचं नव्हतं. माफी मागायची रीत सासवांना कोणी शिकवलेलीच नसते.

मग पाणी. सकाळी एकदा, मोट सुटताना एकदा.

"अवं, त्याले पानी पाजून राहिली का पोहाले शिकवून राहिली?" खुशालराव मोटेवरून ओरडायचा.

"तुमी बैल हाका!"

आणि खरंच, पंधरवड्यात लालकाटीला भराभर पानं फुटली. एरवी शेंड्याला चार पानं असणारं झुडूप पार झाकून गेलं. पार्बताबाईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवलं. फुलं कमी झाली होती, पण पानामागून फुलं येतातच, हे का तिला कोणी सांगायला हवं होतं? पौषात परतवाड्याहून निरोप आला, मुलगा झाला. तिनं गल्लीत साखर वाटली आणि त्या दिवशी लालकाटीला जास्तीचं पाणी घातलं.

त्यांच्या घराची रीत अशी, की पहिल्या लेकराचा पाळणा बापाच्या घरीच टांगायचा आणि नाव तिथंच ठेवायचं. त्यामुळं बारसं राहिलं होतं. आई-लेकरू तिसऱ्या महिन्यात येणार, मग थाटात करायचं, असं ठरलं. पाळण्याला दोर घेतले. पण माघात लालकाटीची पानं पिवळी पडायला लागली. तहानेलं असेल म्हणून पार्बताबाईनं पाणी वाढवलं. फाल्गुनात पानं गळाली. तिनं ताक घातलं, राख घातली, नजर उतरवून टाकली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

चैत्र लागला आणि देवीदास बायको-मुलाला आणायला परतवाड्याला गेला. गेला तसा एकटाच परत आला. टोपी हातात घेऊन ओसरीवर बसला.

"येत नाई म्हन्ते."

"कावून? लेकरू बरं हाय न?"

"लेकरू मस्त हाय. गुटगुटीत." देवीदास खाली मान घालून सांगत होता. "सासरेबुवांनी मले बाजूले घेतलं. म्हने, जवाईबापू, पोरीचं म्हननं असं, का मागच्या वक्ती झाडानं खाल्लं म्हनले. आता या लेकराले उद्या ताप आला, खोकला आला, तं झाड तं उपटून फेकलं, आता कोनाले धरतीन? मलेच धरतीन. म्हून मी जात नाई."

पार्बताबाई उठली आणि मळ्यात गेली. लालकाटीपाशी बसली. बुंध्याला हात लावला तर तो पिकल्या केळ्यासारखा दबला. काळा पडून आतून सडलेला. जरा हलवलं आणि झाड आडवं झालं. पार्बताबाईच्या हातचं झाड मेलं होतं. ती तिथंच पाटाच्या काठावर बसून रडली, मोठ्यानं, शेजारच्या मळ्यात ऐकू गेलं तरी चालेल अशी.

देवीदासाला आईची दया आली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "माय, जठारपेठेत एका वकिलाच्या बागेत हेच झाड हाय. मी फांदी आनतो. त्या जागी लावून देऊ. तिले काय समजते? अन् झाड जित्तं हाय म्हनून निरोप धाडला तं यीन बी."

पार्बताबाईला मोह झाला नाही असं नाही. तिनं डोळे पुसले, जरा वेळ विचारही केला. मग मान हलवली.

"नाई रे बाप्पा. त्या झाडावरून मी तिच्याशी एक डाव खोटं बोलून चुकली. आनखी किती बोलू?"

तिनं मेलेला बुंधा फडक्यात बांधला आणि दुसऱ्या दिवशी देवीदासाला घेऊन निघाली. खुशालरावानं फक्त एवढंच विचारलं, "वरमाय होऊन न बोलावता ईनबाईच्या दारात जानार?" त्यावर पार्बताबाई म्हणाली, "वरमायीचा ताठा घालू काय चुलीत!" मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून ती दोघं परतवाड्याशेजारच्या एलिचपूरच्या छोट्या गाडीत बसली. ही गाडी एवढी सावकाश चालते की माणसानं केलेल्या सगळ्या चुका एकेक करून आठवाव्यात. पार्बताबाईनं आठवल्या. फडक्याचं गाठोडं मांडीवर घेऊन ती बसली होती, चोरानं मुद्देमाल घेऊन स्वतःच ठाण्यात जावं तशी.

नत्थुजींची खोली बंगल्याच्या मागच्या अंगाला होती. त्यांची बायको जमुना अंगण झाडत होती. दारात विहीणबाई बघून तिच्या हातातला खराटाच गळाला.

"अवं माय! ईनबाई! निरोप नाई, काई नाई..." असं म्हणत ती पाट शोधायला, चहा टाकायला आत धावली. नत्थुजी देवीदासाला घेऊन बंगल्याच्या बाजूला गेले. शहाणा माणूस. बायांची गोष्ट बायांत राहू द्यावी हे त्यांना कळत होतं.

कौशल्या निंबाखाली बसली होती, मांडीवर लेकरू. सासूला बघून ती उठली, पण लेकरू तिनं पदराआड घेतलं. ते पार्बताबाईनं बघितलं. जवळ जाऊन ती खाली मातीत बसली आणि तिनं फडक्याची गाठ सोडली.

"हे तुहं झाड. मी मारलं."

कौशल्यानं वाकून बघितलं. अंगठ्यानं बुंधा दाबला. "कशानं?"

"पान्यानं."

"किती घातलं?"

"रोज. सकाळी अन् मोट सुटताना. काळ्या मातीत लावलं, शेनखत टाकलं. पानं पिवळी पडली तं आनखी पाजलं. मंग ताक घातलं."

"ताक?" कौशल्याचे ओठ हलले. तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते आलंच, नाकातून आलं, आणि मग त्याच्या मागोमाग डोळ्यांतून पाणीही आलं. "आत्याबाई, लालकाटीले ताक?"

"हास, हास तू. पन मी ताकाची गोठ सांगाले नाई आली." पार्बताबाईनं पदरानं कपाळ पुसलं. जन्मभर अडलं नव्हतं ते तोंड आता अडत होतं. "त्या झाडानं काई खाल्लं नोतं. मले ठाऊक होतं. त्या रोजी बी ठाऊक होतं. माह्या पोटात आग पडली होती, ती कुठं तरी फेकाची होती, म्हून फेकली."

"मले वाटलं, तुमी झाडाचं नाव घेऊन मलेच म्हन्ता."

"व्हय," पार्बताबाई म्हणाली. "तुलेच म्हनलं."

निंबाचा बारीक मोहर दोघींच्या मध्ये पडत होता. आत जमुनाच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"उद्या याले ताप आला तं?" कौशल्यानं विचारलं.

"तं डाक्तर आनू. झाडाले नाई धरनार, तुले बी नाई. अन् माह्या तोंडातून एखादा शब्द गेलाच, तं तू बी माह्या तोंडावर बोल. भांड माह्याशी. पन गप राहू नको बाई. तुह्या त्या गप राहन्यानं मी अर्धी मेली."

कौशल्या उठली, दाराजवळच्या कोनाड्यातून विळा घेतला आणि लेकराला कडेवर घेऊन बंगल्याच्या मुरमाच्या वाटेकडे चालू लागली. पार्बताबाई मागोमाग गेली. वाटेच्या दोन्ही अंगांनी लालकाटीची रांग होती. खाली नुसते गोटे आणि मुरूम, कुठं ओलावा म्हणून नाही, आणि वर डोळे दिपतील असा लाल रंग. पार्बताबाईनं एवढी वर्षं मातीत घालवली होती, पण पाण्यावाचून असं सुखात उभं असलेलं काही तिनं बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं होतं, आपल्याच भिंतीशी, आपल्याच कुंपणाशी. पटवून घेतलं नव्हतं.

कौशल्यानं एक जून, जाड फांदी निवडली आणि विळा लावणार तेवढ्यात थांबली. कडेवरचं लेकरू हात लांबवून फुलं धरायला बघत होतं. तिनं इकडंतिकडं बघितलं. मग वळली.

"धरा याले," ती म्हणाली. "माह्या हाताले चीक लागन. याच्या डोळ्यात गेला तं आग व्हते."

पार्बताबाईनं हात पुढं केले. लेकरू जड होतं, देवीदास सांगत होता त्याहून जड. त्यानं आजीच्या तोंडाकडे टक लावून बघितलं, रडावं की नाही ते ठरवत असल्यासारखं, आणि मग तिच्या गळ्यातल्या पोतीला घट्ट मूठ घातली. पार्बताबाई हललीसुद्धा नाही.

कौशल्यानं फांदी कापली. चीक टपटप गळाला. तो गळू दिला, मग चुलीतली राख आणून कापल्या जागी लावली आणि फांदी सावलीत, ओसरीच्या वळचणीला खोचली.

"आता?" पार्बताबाईनं हळूच विचारलं. "पानी कधी?"

"पान्याचं नाव काढू नका. आठ रोज वाळू द्या. जखम सुकल्यावाचून मातीत घातली तं सडते." कौशल्या रांजणापाशी गेली. "तवर तुमी बी राहा इथं. मंग जाऊ."

"कोन कोन?"

"सारेच."

तिनं मातीनं हात घासले, दोनदा धुतले, वास घेऊन बघितला आणि पुन्हा एकदा धुतले. पदराला कोरडे केले. आईनं आतून चहा झाल्याची हाक दिली तेव्हा ती सासूच्या जवळून गेली, लेकराचं टोपरं जरा सारखं केलं आणि आत कपबशा आणायला गेली. हात स्वच्छ झाले होते, पण लेकरू तिनं परत मागितलं नाही.